कौसानीचा मुक्काम

ज्येष्ठाचा महिना लागला की दिल्लीच्या दक्षिणेस मथुरेच्या वाटेवर वसलेल्या फरीदाबादेत वाऱ्याला भट्टीची धग येते. अरवलीचे उघडे खडक दिवसभर तापतात आणि रात्रीही निवत नाहीत. १९४९ नंतर सरहद्द प्रांतातील निर्वासितांनी आपल्या हातांनी ज्याच्या भिंती उभारल्या, ते हे नवे नगर पुढे कारखान्यांचे शहर झाले, आणि देशाच्या चारी कोपऱ्यांतून आलेली माणसे तेथे पोटापाण्यासाठी राहू लागली. उन्हाळ्याच्या काहिलीत या माणसांना हिमालयाची आठवण व्हावी, यात नवल नाही. रात्रीच्या गाडीने काठगोदाम गाठावे, तेथून भवाली, अल्मोडा, सोमेश्वर अशी नागमोडी चढण चढावी आणि कौसानी नावाच्या लहानशा गावी दोन दिवस मुक्काम करावा, हा आता रुळलेला परिपाठ झाला आहे. पहाटे गच्चीवर उभे राहून त्रिशूळाचे शिखर तांबूस होताना पाहावे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात उतरावे.

गांधीजींची जी आठवण फरीदाबादकरांना घराजवळची, ती मात्र मैदानातली आहे. रौलट कायद्याच्या विरुद्ध देश खवळला असताना, १९१९ च्या एप्रिलमध्ये, दिल्लीकडे येणाऱ्या गांधीजींना फरीदाबादच्या दक्षिणेस पलवल स्टेशनावर पोलिसांनी गाडीतून उतरवून घेतले आणि परत पाठविले. पलवलची ती घटना इतिहासाच्या पुस्तकांतून मुलांना शिकविली जाते. त्यानंतर दहा वर्षांनी त्याच पुरुषाने कौसानीच्या डोंगरावर जे काही दिवस काढले, त्यांना अशा पुस्तकांत क्वचितच एखादी ओळ मिळते. तेथे अटक झाली नाही, प्रचंड सभा भरली नाही, ठरावही झाला नाही. एका बंगल्यात बसून एका वृद्धत्वाकडे झुकलेल्या गृहस्थाने काही पाने लिहिली, एवढेच घडले. परंतु त्या पानांचा धागा मागे मंडालेच्या तुरुंगापर्यंत आणि पुढे वर्ध्याच्या व धुळ्याच्या तुरुंगाच्या वाटेपर्यंत पोहोचतो. म्हणून मराठी माणसाला तरी हा मुक्काम परका वाटू नये.

कौसानी हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६,२०० फूट उंचीवर, एका लांबट डोंगरकण्यावर वसलेले आहे. दक्षिणेस कोसी नदीचे सोमेश्वर खोरे, उत्तरेस गरुड आणि बैजनाथ यांच्या भोवतीचे कत्यूरचे सुपीक खोरे. या दुसऱ्या खोऱ्यात एके काळी कत्यूरी राजांची सत्ता होती आणि त्या काळची पाषाणाची देवळे बैजनाथास गोमतीच्या काठी अद्याप उभी आहेत. या खोऱ्यापलीकडे निळ्या डोंगरांच्या ओळींमागे हिमशिखरांची रांग दिसते. त्रिशूळ ७,१२० मीटर, नंदादेवी ७,८१६ मीटर, त्यांच्या पूर्वेस नंदाकोट, आणि आकाश अगदी स्वच्छ असेल तर आणखी पलीकडे पंचचूली. शिखरांच्या आणि पाहणाऱ्याच्या मध्ये दुसरी उंच भिंत नाही, हेच कौसानीचे भाग्य. हिंदीतील थोर कवी सुमित्रानंदन पंत १९०० साली याच गावी जन्मले. जन्मानंतर काही तासांतच आई गमावलेल्या त्या बालकाने निसर्गालाच आई मानले असे त्यांच्याविषयी म्हटले जाते, आणि कौसानी पाहिल्यावर त्या बोलण्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

१९२९ चे वर्ष गांधीजींना फार दगदगीचे गेले. मार्चमध्ये ते ब्रह्मदेशाच्या दौऱ्यावर होते. त्या दौऱ्यात ते मंडालेसही गेले. एप्रिल आणि मे हे महिने आंध्रातील खादीफंडाच्या दौऱ्यात, गावोगावच्या धुळीत आणि उन्हात गेले. त्यातच न शिजविलेले अन्न खाण्याचा प्रयोग त्यांनी आरंभिला होता. शरीर थकलेले, आहार अपुरा आणि देशाचे वातावरण तर वणव्यासारखे. दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात बॉम्ब फेकल्याबद्दल भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांना जूनच्या मध्यास जन्मठेप झाली आणि लगोलग तुरुंगातील वागणुकीविरुद्ध त्यांचा उपवास सुरू झाला. मीरतचा खटला चालू होता. काँग्रेसने सरकारला दिलेली एका वर्षाची मुदत डिसेंबरअखेर संपणार होती, आणि ती संपल्यावर काय, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या ओठांवर होता. अशा वेळी कुमाऊंचा दौरा ठरला. १४ जूनच्या सुमारास गांधीजी नैनितालच्या पायथ्याशी पोहोचले आणि तेथून ताडीखेत, राणीखेत करीत अल्मोड्यास आले.

अल्मोड्यातील प्रवेश दुर्दैवी ठरला. स्वागताला लोटलेल्या गर्दीत, ज्या मोटारीत गांधीजी बसले होते त्याच मोटारीखाली एक खेडूत सापडला. त्याला इस्पितळात नेले, परंतु तो वाचला नाही. दर्शनासाठी आलेल्या माणसाचा दर्शनीयाच्याच वाहनाखाली मृत्यू व्हावा, याहून मनाला खाणारी गोष्ट कोणती? गांधीजींनी या अपघाताविषयी आपल्या साप्ताहिकात लिहिले आणि तो झाकला नाही. कौसानीस ते विश्रांतीसाठी आले खरे, परंतु प्रसन्न मनाने आलेल्या प्रवाशाचा तो मुक्काम नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

२१ जूनच्या सुमारास ते कौसानीस आले आणि लगेच तेथून बागेश्वरला गेले. शरयू आणि गोमती यांच्या संगमावरील या तीर्थाला कुमाऊंच्या इतिहासात आगळे स्थान आहे. इंग्रजी अमदानीत साहेब दौऱ्यावर निघाला की डोंगरातील शेतकऱ्याने त्याचे सामान विनामूल्य वाहावे, त्याच्या मुक्कामास दूध, धान्य, सरपण पुरवावे, अशी सक्ती होती. तिला कुली-बेगार म्हणत. कोणत्या घराने केव्हा वेठ करायची, याची वही गावप्रमुखाजवळ असे. १९२१ च्या मकरसंक्रांतीस, उत्तरायणीच्या जत्रेत, बद्रीदत्त पांडे आणि त्यांचे सहकारी यांच्या सांगण्यावरून जमलेल्या लोकांनी त्या वह्या शरयूच्या पाण्यात फेकून दिल्या आणि शपथ घेतली की पुन्हा वेठ करणार नाही. त्या दिवशी रक्ताचा थेंब सांडला नाही, आणि वेठ मात्र संपली. हा पराक्रम ज्या भूमीवर घडला ती पाहण्यास आठ वर्षांनी गांधीजी गेले आणि तेथील स्वराज्य-मंदिराच्या पायाचा दगड त्यांनी बसविला. महाराष्ट्रात संक्रांत म्हणजे तिळगूळ. बागेश्वरात त्या सणाला हा दुसरा अर्थ चिकटला आहे.

बागेश्वरहून परतल्यावर कौसानीतील खरा मुक्काम सुरू झाला आणि तो जुलैच्या आरंभापर्यंत टिकला. गावात अशी कथा सांगतात की गांधीजी दोन दिवसांसाठी आले आणि हिमालय पाहून चौदा दिवस राहिले. कथा गोड आहे. हवामानाचा विचार केला तर मात्र तिच्याकडे थोडे सावधपणे पाहावे लागते. जूनचा शेवटचा आठवडा म्हणजे आर्द्रा नक्षत्राचा आरंभ. तेव्हा कत्यूरच्या खोऱ्यातून धुके वर चढते, सरी येतात आणि शिखरे पुष्कळदा दिवसच्या दिवस ढगांत बुडालेली असतात. कार्तिकात दिसणारा त्रिशूळ आषाढाच्या तोंडावर रोज दिसेल अशी अपेक्षा स्थानिक माणूस करीत नाही. जे दर्शन झाले ते अधूनमधून, ढगांचा पडदा बाजूला सरला म्हणजेच झाले असावे. अशा दर्शनाची गोडी काही औरच असते, हे महाबळेश्वरच्या पावसाळ्यात कडा दिसण्याची वाट पाहिलेल्या कोणालाही पटेल.

या डोंगराचा मोह गांधीजींना पडला, याबद्दल मात्र शंका नाही. ११ जुलैच्या ‘यंग इंडिया’त त्यांनी अल्मोड्याच्या प्रवासाविषयी लिहिले. हवा, हिरवाई आणि हिमशिखरे यांचे वर्णन करून त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: असे डोंगर घरी असताना आपले लोक प्रकृतीसाठी युरोपात का जातात? पुढे याच प्रश्नाचे उलटे रूप होऊन कौसानीला ‘भारताचे स्वित्झर्लंड’ ही पदवी चिकटली आणि ती गांधीजींच्या नावावर रूढ झाली. परदेशात जाण्याची गरज काय असे विचारणाऱ्याच्याच तोंडी परदेशाची उपमा घालावी, हा मोठा गमतीचा प्रकार आहे.

मोहापेक्षा काम मोठे होते. गीतेचा गुजराती अनुवाद त्यांनी काही वर्षांपासून हाती घेतला होता. १९२६ मध्ये साबरमतीच्या आश्रमात त्यांनी महिनोन् महिने गीतेवर प्रवचने केली होती. दौऱ्याच्या गडबडीत अनुवाद मागे पडत होता. त्याला कौसानीच्या निवांत जागी अखेरचे रूप आले, त्याची प्रस्तावना तेथे लिहिली गेली, आणि तिच्याखाली कौसानीचे नाव व २४ जून १९२९ ही तारीख पडली. ग्रंथाचे नाव ‘अनासक्तियोग’.

या प्रस्तावनेत महाराष्ट्राचा उल्लेख दोनदा, दोन निरनिराळ्या वाटांनी येतो. पहिला उल्लेख लोकमान्यांचा. राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा भोगीत असता, १९१० च्या नोव्हेंबरपासून १९११ च्या मार्चपर्यंत, मंडालेच्या तुरुंगात लोकमान्यांनी शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिले. ते १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्याची मूळ मराठी प्रत आणि हिंदी-गुजराती भाषांतरे टिळकांनी गांधीजींना प्रेमाने दिली आणि मराठी जड गेले तर निदान गुजराती तरी वाचा, असा आग्रह धरला. चळवळीच्या धावपळीत ते साधले नाही. साधले ते १९२२ नंतर, येरवड्याच्या तुरुंगात. टिळकांनी जे तुरुंगात लिहिले ते गांधीजींनी तुरुंगातच वाचावे, हा योगायोग म्हणावा की त्या काळच्या राजकारणाची रीतच म्हणावी? आणि कौसानीच्या आधी तीनच महिने गांधीजी मंडालेस जाऊन आले होते, हेही विसरून चालणार नाही.

दोघांच्या अर्थांत अंतर आहे आणि ते लपविण्याचे कारण नाही. गीता संन्यास सांगत नाही, कर्म सांगते, येथपर्यंत दोघे हातात हात घालून चालतात. ज्ञानाने पाया घातलेला आणि भक्तीने ओलावलेला कर्मयोग हे टिळकांचे प्रतिपादन. त्यांच्या अर्थाप्रमाणे स्थितप्रज्ञालाही लोकसंग्रहासाठी प्रसंगी शस्त्र धरावे लागेल. गांधीजींना कुरुक्षेत्र माणसाच्या अंतःकरणात दिसते, कौरव-पांडव म्हणजे तेथील वृत्ती. फळाची आसक्ती खरोखर सुटली तर असत्याला आणि हिंसेला जागाच उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे. ग्रंथाच्या शब्दांवरून न्याय द्यायचा झाला तर टिळकांची बाजू अधिक भक्कम आहे. अर्जुनाच्या हातातील गांडीव रूपकाने सहजासहजी वितळत नाही. परंतु गांधीजींनी शब्दांचा न्याय मागितलाच नव्हता. चाळीस वर्षे गीता आचरणात आणण्याची धडपड करणाऱ्याला तिच्यात काय सापडले, एवढेच ते सांगत होते. १८८९ च्या सुमारास लंडनमध्ये दोन थिऑसॉफिस्ट बंधूंनी त्यांना एडविन आर्नल्डचे इंग्रजी पद्यभाषांतर वाचण्यास सोबत घेतले, तेव्हापासूनचा तो हिशेब होता.

दुसरा उल्लेख सहकाऱ्यांचा. आपले संस्कृतचे ज्ञान बेताचे, म्हणून हा अनुवाद चौघांच्या नजरेखालून गेला आहे, असे गांधीजींनी नमूद केले. हे चौघे म्हणजे विनोबा, काका कालेलकर, महादेव देसाई आणि किशोरलाल मश्रूवाला. पहिले दोघे महाराष्ट्राचे, आणि विलक्षण गोष्ट अशी की दोघेही एके काळी हिमालयाच्या ओढीने घर सोडून निघालेले.

साताऱ्यास जन्मलेले दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिक्षक होते. सरकारच्या रोषामुळे ती राष्ट्रीय शाळा बंद पडली, तेव्हा खिन्न मनाने १९१२ साली ते हिमालयाच्या वाटेस लागले. सोबत स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर. शेकडो कोस पायी तुडवून त्यांनी यमुनोत्री, गंगोत्री, केदार, बद्री पाहिले. या यात्रेचे वर्णन पुढे त्यांनी गुजरातीत लिहिले आणि ते गुजराती प्रवासवाङ्मयाचे भूषण ठरले. मराठी माणसाने लिहिलेला हिमालय मराठीला भाषांतरातून मिळावा, ही हळहळ मराठी वाचकाला आजही वाटते. शेवटी कालेलकर परतले. हिमालयाने त्यांना ठेवून घेतले नाही. शांतिनिकेतनात १९१५ मध्ये गांधीजींची भेट झाली आणि उरलेले आयुष्य शिक्षणाच्या व देशाच्या कामात गेले.

विनोबांची गोष्ट याहून तीव्र. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसलेला हा वीस वर्षांचा तरुण सुरतेस उतरला आणि काशीकडे वळला. मनात दोन ओढी होत्या, एक हिमालयाच्या शांतीची आणि दुसरी बंगालच्या क्रांतीची. काशीस असताना गांधीजींच्या भाषणाची हकीकत कानी आली, पत्रव्यवहार झाला आणि ७ जूनला कोचरबच्या आश्रमात दोघांची गाठ पडली. जे दोन ठिकाणी शोधायला निघालो होतो ते एकाच ठिकाणी मिळाले, या आशयाचे उद्गार विनोबांनी पुढे अनेकदा काढले. हिमालय राहिला तो राहिलाच.

आपल्याकडे हिमालय म्हणजे मागे न वळण्याची जागा. पांडवांच्या स्वर्गारोहणापासून ही कल्पना रूढ आहे. संसाराचा वीट आला, राज्याचा कंटाळा आला की उत्तरेची वाट धरावी. कौसानीच्या बंगल्यात बसून गांधीजींनी जे लिहिले ते या परंपरेच्या बरोबर उलट होते. समोर संन्यासाचे महाद्वार आणि हातात कर्म न सोडण्याचा उपदेश. सोडायचे ते फळ, काम नव्हे, हे सांगणारी प्रस्तावना लिहून ते डोंगर उतरले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ते पुन्हा मैदानात होते, सभांत आणि पत्रांच्या ढिगाऱ्यात. डिसेंबरात रावीच्या काठी पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून दांडीकडे पहिले पाऊल पडले, आणि त्याच दिवशी ‘अनासक्तियोग’ छापून बाहेर आला.

प्रस्तावनेत गांधीजींनी आपला वाचक कोण हेही सांगून ठेवले होते. पंडितांसाठी हे पुस्तक नाही. ज्यांना अक्षरओळख जेमतेम, मूळ संस्कृतापर्यंत पोहोचण्यास सवड नाही आणि आधाराची गरज मात्र फार, अशा स्त्रिया, व्यापारी, कष्टकरी यांच्यासाठी आहे. असा वाचक विनोबांच्या घरातच होऊन गेला होता. त्यांच्या आई रुक्मिणीबाई यांना गीता समजावी असे फार वाटे. मुलाने मराठी गद्य भाषांतर आणून दिले, ते जड गेले. पद्य आणले, तेही जमेना. तेव्हा त्या म्हणाल्या की मग तूच का करीत नाहीस. १९१८ च्या ऑक्टोबरात त्या वारल्या आणि मागणी तशीच राहिली. गुजरातीत आपल्या नजरेखालून गेलेला ग्रंथ दांडीयात्रेबरोबर लोकांच्या हाती पडला, त्याच वर्षी, ७ ऑक्टोबर १९३० रोजी, विनोबांनी वर्ध्यास ‘गीताई’ लिहिण्यास आरंभ केला. ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ती पूर्ण झाली आणि १९३२ मध्ये छापून आली. त्या वर्षी विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवार त्यांनी कैद्यांपुढे गीतेचा एकेक अध्याय सांगितला आणि साने गुरुजींनी तो शब्दशः टिपून घेतला. मंडालेस शिसपेन्सिलीने उतरलेली गीता, येरवड्यात वाचलेली गीता आणि धुळ्यात टिपलेली गीता यांच्या मधोमध कौसानीचे ते दिवस येतात. या ओळीत गजांआड नसलेले ठिकाण ते एकच.

कौसानीकडे पुन्हा जायचे तर सेवाग्रामच्या वाटेनेच जावे लागते. लंडनमध्ये जन्मलेली कॅथरीन हाईलमन ही स्त्री १९३२ साली भारतात आली, सरलाबेन झाली आणि उदयपूरनंतर सेवाग्रामच्या शिक्षणकार्यात रमली. वर्ध्याचा उन्हाळा आणि हिवताप तिला मानवेना. १९४१ मध्ये गांधीजींनी तिला कुमाऊंच्या डोंगरात पाठविले. ती प्रकृती सुधारण्यासाठी आली खरी, परंतु स्वस्थ बसली नाही. १९४२ च्या चळवळीत तुरुंगात गेलेल्यांच्या बायकामुलांना भेटत ती डोंगरोडोंगरी पायी हिंडली आणि स्वतःही तुरुंगात गेली. या हिंडण्यात तिला दिसले की डोंगरातील सारे कष्ट बाईच्या पाठीवर आहेत, लाकूड, गवत, पाणी, शेत, सारे तिचेच, आणि शाळा मात्र तिला नाही. १९४६ मध्ये तिने कौसानीस मुलींसाठी लक्ष्मी आश्रम काढला. तेथे अक्षरांबरोबर सूतकताई, शेती, गुरे आणि स्वयंपाक हे सारे शिक्षणच समजले जाई. याच आश्रमातील मुली पुढे भूदानासाठी गावोगाव फिरल्या, दारूबंदीसाठी उभ्या राहिल्या, आणि जंगल वाचविण्याच्या चळवळीत डोंगरातल्या बायका पुढे आल्या तेव्हा त्यांच्यामागे सरलाबेनची ही शिकवण होती. १९८२ मध्ये त्या वारल्या.

गांधीजी उतरले होते तो बंगला आता ‘अनासक्ति आश्रम’ या नावाने ओळखला जातो. तेथे त्यांच्या जीवनाची चित्रे लावलेली आहेत, राहण्यासाठी साध्या खोल्या आहेत आणि सायंकाळी प्रार्थना होते. अंगण उत्तरेकडे उघडे आहे. सुट्टीच्या दिवसांत दिल्ली-फरीदाबादकडून आलेली कुटुंबे पहाटे शाली लपेटून त्या अंगणात उभी राहतात, मुले पेंगत असतात, कोणीतरी चहाचा पेला हाती देते. आकाश साथ देईल तर त्रिशूळाच्या टोकावर आणि नंदादेवीवर उजेड येतो. आषाढात आलेल्यांना समोर नुसते पांढरे धुके दिसते आणि ते पाऊण तास वाट पाहून आत परततात. आतल्या भिंतीवर २४ जूनची तारीख शोधणारा त्यांतला एखादाच.